दोराचं दुसरं टोक

ग्रां बुआ,
१२ नोव्हेंबर १९८१

वत्सला पोरी,

पाकिटावरचं अक्षर बघून तू आधी दचकशील, मग म्हणशील, बाबांना झालंय काय. काही झालेलं नाही. मी बरा आहे. तुझी आई बरी आहे, तिचा गुडघा तेवढा दमट हवेत कुरकुरतो. तू दर दिवाळीला फोटो पाठवतेस ते सगळे पोचतात. नात अराबाचे कान आपल्या घरचे आहेत असं तुझी आई लाबुतिकवाल्या चिन्याला सांगत असते. तो बिचारा मान हलवतो आणि दुकानातली साखर तोलतो.

मी एकदाही उत्तर घातलं नाही. येत्या फेब्रुवारीत सात वर्षं होतील. तू इंग्लंडला नर्स व्हायला गेलीस, तिथं घानाच्या माणसाशी लग्न केलंस, ते मला पचलं नाही. मग तुम्ही दोघं इथं आपल्या बेटावर आलात आणि महिन्याभरात निघून गेलात, त्याचं कारण तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. आज ते उकरून काढत नाही.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. परवा ल रेद्युईहून, म्हणजे गव्हर्नर-जनरलसाहेबांच्या वाड्यावरून, जाड कागदाचं पत्र आलं. प्रेमचंदनं वाचून दाखवलं. आपल्या बैठकेचा सेक्रेटरी प्रेमचंद, तू त्याला पाटी फोडली म्हणून मारलं होतंस तोच, आता शाळामास्तर आहे. राणीसाहेब मला पदक देणार आहेत. एम.बी.ई. म्हणतात त्याला. नववर्षाच्या यादीत नाव छापून येणार, मग रेद्युईला जाऊन छातीवर लावून घ्यायचं. तोवर कुणाला सांगायचं नाही असं त्यात लिहिलंय. तुझ्या आईला सांगितलं, ती घरातलीच. तुला सांगतोय, तू फार लांब आहेस.

कशासाठी, तर बैठकेच्या खोलीत संध्याकाळी पोरांना मराठी शिकवलं त्याबद्दल, आणि ‘१९७५च्या चक्रीवादळात अकरा माणसांचे प्राण वाचवले’ त्याबद्दल. अर्ज प्रेमचंदनं केला होता. मला विचारून केला नाही.

प्रेमचंद सांगतो, ही म्हणजे शूर सरदारांची एक मंडळी आहे. पूर्वी ते चिलखत घालून घोड्यावर बसून लढायचे. मी विचारलं, आता काय करतात? म्हणाला, आता कोट घालून चहा पितात. पदकाच्या नावात ब्रिटिश साम्राज्य आहे. मी म्हटलं, अरे, ते साम्राज्य आहे कुठं आता? म्हणाला, काका, पदकात आहे.

चार डिसेंबरच्या आत हो किंवा नाही कळवायचंय. तुझं उत्तर तोवर येणार नाही हे मला कळतं. तरी विचारतो. तुला काय वाटतं? आणि तुझ्या नवऱ्याला हे पत्र दाखवू नकोस. दाखवलंस तर तो काय म्हणाला ते कळव.

तुझे बाबा

ता.क. काळा कोट शिवायला टाकलाय. उगाच धावपळ नको म्हणून.


२७ डिसेंबर १९८१

वत्सला,

तुझं पत्र नाताळच्या आदल्या दिवशी आलं. चार पानं. पदकाबद्दल दोन ओळी आणि बाकी सगळं तुझ्या सासरच्या कंपन्यांबद्दल. मी दोनदा वाचलं, तुझ्या आईला मोठ्यानं एकदा वाचून दाखवलं. तुझं मराठी अजून चांगलं आहे. ‘स’ मात्र अजून तसाच काढतेस, शेपूट तोडलेल्या पालीसारखा.

मला कळलं ते असं. बरोबर आहे का बघ. तुमच्या समुद्रकाठच्या गावात असाफो नावाच्या कंपन्या आहेत. पूर्वी त्या लढायच्या. बाप ज्या कंपनीत, त्याच कंपनीत पोरगा आणि पोरगीसुद्धा. आता लढाया संपल्या, तर कुणी बुडालं की शोधायचं, होड्या वर ओढायच्या, रस्ता साफ करायचा, मेलेल्याला पोचवायचं. म्हणजे चहा पिण्यापेक्षा बरं. आणि प्रत्येक कंपनीच्या पताका. कापडावर कापडाचे तुकडे शिवून चित्र काढायचं, आणि ते चित्र म्हणजे कंपनीतल्या कुणीतरी खरोखर केलेलं काम. जुन्या पताकांच्या कोपऱ्यात राणीचा झेंडा असायचा, आता तुमच्या देशाचा असतो. हे मला आवडलं. कोपरा बदलला, पराक्रम तोच राहिला.

आणि दुसऱ्या कंपनीचा पराक्रम आपल्या पताकेवर शिवला तर डोकी फुटतात, एकेकाळी माणसं मेलीत. म्हणून नवी पताका आधी गावातल्या मोठ्यांना आणि बाकीच्या कंपन्यांना दाखवायची. कुणाचा हक्क असेल तर त्यानं तिथंच बोलायचं. नाचवून झाल्यावर बोलण्यात अर्थ नाही.

मग तू शेवटच्या पानावर लिहितेस की तुझ्या नवऱ्याला कंपनीनं कप्तान निवडलंय. कप्तानानं नवी पताका द्यायची असते. ती त्यानं शिवायला टाकली आहे आणि एप्रिलमध्ये ईस्टरच्या सुमारास ती नाचवणार. तिच्यावर आपल्या ग्रां बुआचं वादळ. तो पाण्यात, आणि ‘दोराच्या दुसऱ्या टोकाला बाबा तुम्ही’. ‘तो तुमच्याकडून होकार मागतोय,’ असं तू लिहितेस, ‘कारण तुम्ही त्याच्या कंपनीचे नाही आणि जिवंत आहात.’

पोरी, मला पताकेवर घालू नका. म्हाताऱ्या माणसाचं चित्र चांगलं येत नाही. नाक मोठं होतं. त्याला एकट्याला पाण्यात दाखवा, तेवढं पुरे. दोरसुद्धा नको. दोर कापडात कसा काढणार, साप वाटेल.

रेद्युईला मी हो कळवलंय. तुझं पत्र आधी आलं असतं तर काय केलं असतं, हे मी सांगू शकत नाही.

आई विचारते, त्याला माझ्यावर राग आहे का. म्हणजे तिच्यावर नव्हे, माझ्यावर.

बाबा


९ जानेवारी १९८२

वत्सला,

तुम्ही कुठं आहात?

एक तारखेला सकाळी प्रेमचंद सायकलवरून पेपर घेऊन आला. माझं नाव त्यात होतं, तळाला, एका बँडमास्तरच्या आणि एका दाईच्या मध्ये. माणसं जमली. कुणी हार आणला. शेजारच्या इंद्रदेवनं फटाके लावले, त्यानं कोंबड्या पळाल्या. आणि आत रेडिओवर त्याच वेळी सांगत होते की घानामध्ये लष्करानं राज्य घेतलं. गल्लीत माझ्या नावानं टाळ्या, आणि तुझी आई रेडिओला कान लावून जमिनीवर बसलेली. तिनं हात वर करून बाहेरच्यांना गप्प केलं. मी गळ्यात हार घालून उभा.

तीन तारखेला तार केली. उत्तर नाही. पाच तारखेला दुसरी केली. पोस्टातला माणूस म्हणतो, म्स्ये तुलसीराम, इथून गेली, तिथं काय झालं ते मी कसं सांगू. संचारबंदी आहे म्हणे. तुझी इस्पितळात रात्रपाळी असते ना? मग तू जातेस कशी? अराबाला कोण बघतं? तांदूळ मिळतो का? पेपरात तुमच्या देशाचं तीन बोटांएवढं छापतात आणि फुटबॉलचं पानभर.

तुझी आई माझ्याशी धड बोलत नाही. काल म्हणाली, “कोट तयार झाला का विचारून या. पोरीचं काही कळलं नाही तरी कोट वेळेवर पाहिजे.” तिचं बोलणं असंच असतं, तुला माहीत आहे. पण ती ते बोलून चुलीकडे वळली तेव्हा पदरानं डोळे पुसत होती.

मला वाटतं, पत्र लिहून टाकत राहावं. दहा टाकली तर एक पोचेल. त्याला सांग, पताकेवर दोर शिवू नकोस. हे मी गेल्या पत्रात लिहिलंय. पुन्हा लिहितो. अजून शिवली नसेल तर थांबव. कारण नंतर सांगतो.

बाबा


७ फेब्रुवारी १९८२

वत्सला,

काल वादळाला सात वर्षं झाली. तुमचं अजून काही नाही. कारण नंतर सांगतो म्हणालो होतो. आज सांगतो. हे पत्र पोचेल की नाही ठाऊक नाही, म्हणूनच कदाचित लिहवतंय.

ते पत्र्याच्या घरांच्या ओळीतले लोक तुला आठवतात. मधला खळगा पाण्यानं भरला आणि ते पलीकडे अडकले. अलीकडे आपली बैठका, तीच एक सिमेंटची. दुपारचे दोन वाजले असतील, पण संध्याकाळसारखं दिसत होतं. मी सिरदार, उसाच्या मळ्यात पन्नास माणसांवर ओरडणारा, आणि खांबाला चिकटून उभा. तुझ्या नवऱ्यानं उसाच्या गाडीचा घायपाताचा दोर काढला, कमरेला बांधला आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं. व्हरांड्याच्या खांबाला एक वेढा घेतला आणि खुणेनं सांगितलं, असं धरा. तू आतल्या खोलीत बायकांत होतीस, चंद्रकलेला बाळंतवेणा लागल्या होत्या त्या बघत. तू बाहेर आली नाहीस. तू जे धरून चालली आहेस ते तू पाहिलेलं नाहीस.

पहिल्या खेपेला त्यानं चार पोरं आणली. दुसऱ्या खेपेला सहा माणसं, एकमेकांना धरून. तोवर मी दोर धरला होता, हे देवाशपथ खरं आहे. माझ्या तळव्याची साल गेली होती.

तिसऱ्या खेपेला तो गंगाकाकूसाठी गेला. ती एकटीच उरली होती. तो पार पलीकडे पोचला असेल आणि व्हरांड्याचा पत्रा उडाला, माझ्या डोक्यावरून गेला. वारा माझ्या छातीवर बसला. आणि मी दोर सोडला. निसटला नाही. सोडला. आत पळालो, दार लावलं आणि पाठ लावून उभा राहिलो.

तुझ्या आईनं विचारलं, “दोर कुणी धरलाय?”

मी म्हटलं, “बांधलाय.”

एवढाच शब्द.

मग मला काय करावं ते सुचेना. बाहेरचा आवाज सहन होईना. भिंतीवर गणपतीत झाकरी नाचतात तेव्हाचा ढोल टांगलेला असतो, तो गळ्यात घातला आणि बडवत सुटलो. भजन म्हणून नाही. वारा ऐकू येऊ नये म्हणून. पोरं मला बघून रडायला लागली. किती वेळ गेला सांगता येत नाही. दारावर थाप पडली. उघडलं तर तो उभा, खांद्यावर गंगाकाकू, आणि कमरेचा दोर मागं चिखलात सापासारखा ओढत आलेला. त्यानं तिला खाली ठेवलं. दोर ओढून घेतला, त्याचं मोकळं टोक एकदा बघितलं. मग नीट गुंडाळला आणि खुंटीला लावला.

दुसऱ्या दिवशी सरकारी साहेब तांदूळ आणि ताडपत्र्या घेऊन आला. त्यानं विचारलं, कुणी आणलं या लोकांना? तुझ्या नवऱ्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. इंग्रजीत म्हणाला, या वडिलांनी. साहेबानं लिहून घेतलं. मला वाटलं, हा मला झाकतोय. मी झाकून घेतलं.

आणि मग दहा दिवसांनी मी सत्यनारायण घातला. माणसं वाचली म्हणून. जावई पहिल्यांदा सासरी आला की त्याला आत पाटावर बसवायचं, टोपी-उपरणं-नारळ द्यायचा. आपल्या वाडवडिलांनी बोटीतून उतरताना भांडी हरवली पण ही रीत हरवली नाही. मी पाहुण्यांना जावई न म्हणता सांगितलं, हे वत्सलेच्या इस्पितळातले डॉक्टर. आणि त्याला व्हरांड्यात, सामान उचलायला आलेल्या माणसांच्या पंगतीत बसवलं. तू वाढायला बाहेर आलीस आणि पळी खाली ठेवलीस. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

तुला वाटलं, रंगावरून. होय, रंगावरूनही. ते नाकारत नाही. पण त्याला पाटावर बसवलं असतं तर त्याच्या समोर बसावं लागलं असतं. ते मला झेपत नव्हतं.

आता समजलं ना? त्या पताकेवर मला दोर धरलेला शिवलात तर ते खोटं आहे. तुमच्याकडे खोट्या पताकेवरून डोकी फुटतात. तो कप्तान होतोय, त्याच्या पहिल्याच पताकेवर माझं खोटं नको. काहीही कर, पण थांबव.

बाबा


१५ मार्च १९८२

वत्सला,

पोस्टमन आला की तुझी आई दारात जाते, आणि तो दुरूनच हात हलवतो. आता तो आमच्या गल्लीतून सायकल जोरात मारतो.

रेद्युईचं बोलावणं आलंय. येत्या शुक्रवारी, एकोणीस तारखेला, सकाळी दहाला.

काल रविवारी बैठकेत सगळे होते. आरती झाल्यावर मी म्हटलं, बसा, काम आहे. रेद्युईचं पत्र प्रेमचंदला वाचायला लावलं, अकरा माणसांच्या वाक्यासकट. मग म्हणालो, “माझ्या जावयाच्या गावात रीत आहे. पराक्रम मिरवण्याआधी सगळ्यांना दाखवतात. यावर कुणाचा हक्क असेल तर आता बोला.” ‘जावई’ म्हटल्यावर दोन-तीन माना वर झाल्या. सात वर्षांत त्यांनी माझ्या तोंडून तो शब्द ऐकला नव्हता.

प्रेमचंद हसून म्हणाला, “काका, आता कसला हक्क, पेपरात आलंय.”

तेवढ्यात मागून गंगाकाकूचा आवाज आला. तिला आता दिसत नाही, पण आवाज तोच आहे, कोयत्यासारखा.

“मला ज्यानं खांद्यावर घेतलं,” ती म्हणाली, “त्याची मान मी दोन्ही हातांनी धरली होती. ती तुझी मान नव्हती, तुलसी. तू दाराच्या आत होतास.”

मी विचारलं, “काकू, सात वर्षं बोलली नाहीस?”

“तू विचारलंस कुठं?”

कुणीतरी हसलं. मग मी बाकीचं सांगितलं. दोर, दार, ‘बांधलाय’. सगळं. तुझी आई बायकांच्या बाजूला बसली होती. तिच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही. मी सांगून खाली बसलो तेव्हा बैठकेत कुणाच्या घरचा कुकर शिट्टी देतोय ते ऐकू आलं.

प्रेमचंद चिडलाय. म्हणतो, मी तोंडघशी पडलो, आता आपल्या मराठी माणसाला पुढच्या वीस वर्षांत कुणी पदक देणार नाही. त्याचं खरं असेल. तरी त्याच्याच हातून इंग्रजीत पत्र लिहून घेतलं की काम माझं नाही, ते कोबिना नावाच्या माणसाचं आहे, तो माझा जावई आहे आणि मी येऊ शकत नाही. लिहिताना त्यानं दोनदा पेन ठेवलं. शेवटी म्हणाला, “काका, निदान शिकवण्याबद्दल तरी घ्या.” मी म्हटलं, “शिकवलं ते तुला. तू अर्ज केलास चौकशी न करता. बघ काय शिकवलं ते.” त्यावर हसला थोडासा.

घरी येताना तुझी आई चार पावलं पुढं चालत होती. दारात आल्यावर थांबली आणि म्हणाली, “मला माहीत होतं.” मी विचारलं, कसं. “दोर बांधलेला असता तर तुम्ही ढोल वाजवला नसता.” आणि आत गेली. पोरी, मी कुणापासून लपवत होतो इतकी वर्षं?

पण तुमचं काही कळत नाही, त्यात हे सगळं कागदाएवढं हलकं वाटतं. ईस्टर जवळ आलाय. माझं फेब्रुवारीचं पत्र पोचलं का? पताका थांबली का? एक ओळ टाक. ओळ नको, कोरं पाकीट टाक, तुझ्या अक्षरात पत्ता घालून. तेवढ्यानं ही झोपेल.

बाबा


२ जून १९८२

जावईबापू,

तुमचं पत्र काल पोचलं. एप्रिलमध्ये टाकलेलं, सहा आठवडे फिरत आलं. पाकीट फाटलेलं, कुणीतरी उघडून चिकटवलेलं. पोस्टमननं सायकल कुंपणावर टाकली आणि आत धावत आला. तुमच्या सासूनं त्याला बसवून चहा दिला आणि मग रडली. तुम्ही तिघं बरे आहात, वत्सला कामावर जाते, तांदळाऐवजी कसावा खाता. बाकी काही लिहिलं नसतं तरी चाललं असतं.

तुमचं इंग्रजी प्रेमचंदनं वाचलं, वत्सलेनं खाली मराठीत लिहिलंय तेही मी वाचलं. दोन्ही जुळतात का ते बघायला. तुम्ही लिहिता, माझं पत्र पोचायच्या आधीच पताका शिंप्याकडून आली होती. वत्सलेला वाटत होतं दोर असेल. तिनं उलगडली तर भलतंच. तुम्ही तिला कधी सांगितलंच नव्हतं.

ते तुमचं वाक्य मी प्रेमचंदला तीनदा वाचायला लावलं. “तिसऱ्या खेपेला पाण्याच्या मध्यावर दोर माझ्याकडे हलका होऊन आला. मला वाटलं, म्हातारबाबा पडले. घर दिसत नव्हतं, कुठल्या बाजूला जायचं कळत नव्हतं. मग ढोल ऐकू आला. मी ढोलाकडे चालत राहिलो. आमच्या कंपनीतही ढोल त्यासाठीच असतो. साहेबाला मी खोटं सांगितलं नव्हतं.”

आणि मी सात वर्षं समजत होतो की तुम्ही मला झाकलंत.

मी तो ढोल भीतीनं वाजवला होता, बापू. तुम्हाला बोलवायला नाही. हे तुम्हाला कळवलं होतं, पुन्हा कळवतो. तुम्ही लिहिता, “ढोलाला काय ठाऊक वाजवणारा का वाजवतो.” मी अजून विचार करतोय. दोराचं टोक बघून नीट गुंडाळून ठेवलंत, त्याचं कारण ओला दोर तसाच टाकला तर कुजतो, होडीवाल्यांच्या गावात हे पोरांना शिकवतात, हे वाचून मात्र तुमची सासू हसली. मी त्या गुंडाळण्याचे काय काय अर्थ लावले होते.

पुढची ओळ वाचताना प्रेमचंद अडखळला. मी म्हटलं, वाच. “दोराबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती. व्हरांडा मात्र मी विसरलेलो नाही.” बरोबर आहे. विसरू नका. ते मी केलं, पूर्ण शुद्धीत, वारा नसताना.

पताकेचा फोटो मी आरशाला खोवून ठेवलाय. तुम्ही पाण्यात, खांद्यावर गंगाकाकू, तिला त्यांनी पिवळं लुगडं नेसवलंय, नशीब तिला दिसत नाही. कमरेचा दोर मागं वाहत गेलाय आणि त्याचं दुसरं टोक पाण्यात मोकळं. दारात एक म्हातारा ढोल वाजवतोय. नाक मी म्हटलं होतं तसंच मोठं आलंय. दाखवताना कुणी हरकत घेतली नाही, ईस्टरला दिवसाउजेडी नाचवली, संचारबंदीच्या आत सगळे घरी गेले, हे वाचून जीव भांड्यात पडला. रेद्युईहून दोन ओळी आल्या, आपले पत्र मिळाले. कोट इंद्रदेवला दिला, त्याच्या पोराच्या लग्नात घालेल.

एक चूक मात्र आहे. तुमच्या शिंप्यानं ढोल जमिनीवर उभा काढलाय, एका तोंडाचा. आमचा ढोल गळ्यात आडवा असतो, दोन्ही तोंडांचा, दोन्ही हातांनी वाजतो. खोटी पताका तुमच्याकडे चालत नाही ना? मग येऊन बघा आणि दुरुस्त करून घ्या. तो त्याच खिळ्याला आहे.

बोटीचं, विमानाचं कसं जमतं, सरकार सोडतं का, मला काही कळत नाही. यंदाच्या चतुर्थीला नाही जमलं तर पुढच्या, नाहीतर त्याच्या पुढच्या. मी सत्तरीकडे आलोय, एवढं लक्षात ठेवा. अराबाला सांगा, तिच्या कानांबद्दल इथं मतभेद आहेत, तिनं स्वतः येऊन मिटवावेत.

पाट माळ्यावरून काढला. वाळवी लागली असेल असं वाटलं होतं, लागली नव्हती. धुऊन उन्हात ठेवला आणि आता आतल्या खोलीत देवापुढे मांडलाय. रोज पुसतो. कुणी बसत नाही त्यावर. परवा प्रेमचंद चहा घेऊन त्यावर टेकायला गेला, तर तुमच्या सासूनं त्याला उठवलं.

तुमचा सासरा,
तुलसीराम